खळवाडीच्या ठरावाची अनुमोदक

आमच्या नगरपंचायतीची सभा दोनदा व्हायची. एकदा सभागृहात, आणि दुसऱ्यांदा जे सभागृहात आले नव्हते त्यांच्या ओट्यावर. सभागृहातली सभा तासाभरात आटोपायची. चहा आणि गरम भजी आली की विषयपत्रिकेवरचे उरलेले विषय भराभर मंजूर होत. ओट्यावरची सभा मात्र आठवडाभर चाले. शिपाईदादा हजेरीचं रजिस्टर कापडी पिशवीत घालून सायकलवर निघायचे आणि न आलेल्या सदस्यांच्या घरी जाऊन सह्या घ्यायचे. कुणी मळ्यात असेल तर बांधावर, कुणी लग्नाला निघालं असेल तर गाडीच्या बॉनेटवर. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. न आलेल्या माणसाचा मान राखला, असंच सगळे धरून चालत.

मीही तसंच धरून चालत होते, हे आधीच सांगून टाकते. तेहतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि रोज सकाळी हजेरी घेतली. न आलेल्या पोरांना हजर मांडणाऱ्या एका सहकारी गुरुजींशी मी वर्षभर बोलत नव्हते, इतका माझा तोरा होता. तीच मी निवृत्तीनंतर महिलांसाठी राखीव झालेल्या प्रभागातून निवडून आले आणि तीन वर्षांत निदान पाच वेळा, न गेलेल्या सभेची सही घरी बसून ठोकली. चष्मा शोधायचाही कंटाळा केला. शिपाईदादा बोट ठेवायचे, मी त्या बोटाच्या शेजारी सही करायचे, त्यांना पाणी द्यायचे आणि ते पुढच्या घरी जायचे.

निवडून येण्यात माझं कर्तृत्व फार नव्हतं. प्रभागातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली. नगराध्यक्षही माझाच विद्यार्थी. हुशार, गोडबोल्या, आणि चुकला की आधी हसून घेणारा. सभागृहात मी त्याला अध्यक्ष महोदय म्हणायचे, बाहेर अरेतुरे करायचे. तो मात्र दोन्हीकडे मला बाईच म्हणायचा. इतर सदस्यांतही पाच-सहा जण माझ्या वर्गातले. त्यामुळे सभेत मी तोंड उघडलं की सगळे आदरानं ऐकून घ्यायचे आणि नंतर त्यांना हवं तेच करायचे. माझ्या हे लक्षात यायला फार वेळ लागला, कारण आदर मला आवडायचा.

आता खळवाडीबद्दल सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांत गावठाणाच्या कडेला खळ्यांची एक सामाईक जागा असायची. मळणी यंत्रं आली, खळी गेली, जागा राहिली. आमची खळवाडी शाळेच्या भिंतीला लागून आहे. शाळेला स्वतःचं मैदान नाही, म्हणून माझ्या सगळ्या कवायती तिथंच झाल्या. ज्यांना कार्यालय परवडत नाही त्यांचे मांडव तिथं पडतात. कांद्याच्या दिवसांत गाड्या आडव्यातिडव्या उभ्या राहतात. आणि होळी झाली की पुढचे अडीच-तीन महिने ती जागा बायकांची. खाटा, जुनी नऊवारी, प्लास्टिकचे कागद, आणि त्यावर कुरडया, सांडगे, मिरच्या आणि मुख्य म्हणजे नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड. आमच्या प्रभागातल्या पंधरा-वीस बायका हे पापड मागणीनुसार करतात. सिन्नरला जातात, देवळाली कॅम्पच्या बाजारात जातात, नाशिकच्या दुकानांतही जातात.

या बायकांमध्ये सगळ्यांत आधी हे काम सुरू करणारी बाई सुरगाण्याकडची. नवऱ्याबरोबर द्राक्षबागेच्या छाटणीला म्हणून आली आणि इथंच राहिली. सगळे तिला मावशी म्हणतात, वयानं माझ्याहून लहान असूनही मीही म्हणते. तिचं घर म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन्ही बाजूंनी दुमजली घरं. ऊन तिच्या दारापर्यंत येतं आणि तिथूनच परत जातं. नागलीच्या उकडीचा पापड एका दिवसात कडक वाळला नाही तर त्याला वास येतो आणि मग तो गुरांपुढे टाकावा लागतो. म्हणजे खळवाडी नसली तर मावशीचं काम नाही, इतका साधा हिशेब होता.

त्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी खळवाडीत फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. मावशी मला बोलवायला घरी आली.

"बाई, कायतरी लिवलंय तिथं. चला ना, वाचून दावा. कुणी म्हणतं शाळंचं हाय, कुणी म्हणतं पाइपलाइन."

मी गेले. दहा-बारा बायका जमल्या होत्या. मी चष्मा लावला आणि वर्गात वाचते तशी स्पष्ट, मोठ्यानं वाचायला लागले. खळवाडीची जागा व्यापारी संकुल बांधण्यासाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देण्यास सर्वसाधारण सभेने सर्वानुमते मंजुरी दिली आहे. ऐनवेळचे विषय, म्हणजे विषयपत्रिकेत आधी न छापता अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी घेतलेले. त्यातला हा चौथा. सूचक म्हणून एका सदस्याचं नाव होतं. त्याखाली अनुमोदक लिहिलं होतं आणि पुढे माझं नाव होतं. संपूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

मी वाचत होते त्याच आवाजात ते वाचलं. माझं धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. वाचायची सवयच अशी की डोळ्यांसमोर आलेला शब्द तोंडातून जातो. वाचून झाल्यावर मात्र माझ्या कानांतून वाफा निघाल्या. अनुमोदक म्हणजे काय हे जमलेल्या बायकांतल्या बऱ्याच जणींना माहीत नव्हतं, पण माझं नाव सगळ्यांना माहीत होतं.

"म्हंजी तुमीच दिली का, बाई?" मावशीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मी त्या सभेला नव्हतेच."

आणि हे म्हणता म्हणता मला ओट्यावरची दुपार आठवली. ज्या दिवशी ही सभा झाली त्या दिवशी मी देवळाली कॅम्पला होते. माझी लेक तिथं असते, जावई तोफखान्यात आहे. त्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी नात झाली. मी तिथं पंधरा दिवस राहिले. परत आल्यावर शिपाईदादा आले, पेढा खाल्ला आणि रजिस्टर उघडलं. त्यांनी बोट ठेवलं, मी सही केली. नात झाल्याच्या आनंदात मी काय वाचणार होते? पण आनंद नसता तरी वाचलं नसतं, हेही खरं.

मी तशीच, घरी न जाता, नगरपंचायतीत गेले. सभेचं काम पाहणारे बाबू सज्जन माणूस. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव त्याहून मऊ. मी कागद पुढे केला आणि विचारलं, हे नाव इथं कसं आलं?

"बाई, विषय तुमच्या प्रभागातला," ते म्हणाले. "अनुमोदक म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव टाकलं असतं तर तुम्हालाच वाटलं असतं, आपल्याला डावललं. आपल्याकडे पद्धतच आहे, ज्याचा प्रभाग त्याचं नाव. मानानं टाकलंय."

मला हसावं की टेबलावरची शाईची बाटली उपडी करावी ते कळेना. माझ्या प्रभागातली जागा जात होती आणि ती देणाऱ्यांत माझं नाव मानानं घातलं होतं. ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी माझा आब राखला. गटारीपासून दिव्याच्या खांबापर्यंत प्रत्येक ठरावाला ते असंच करत आले होते आणि आजवर कुणीही तक्रार केली नव्हती. मीसुद्धा नाही. आधीच्या तीन-चार ठरावांत माझं नाव असंच पडलं होतं आणि वर्तमानपत्रात छापून आल्यावर मी ते कात्रण कापून ठेवलं होतं.

"माझं नाव काढा," मी म्हणाले. "मी नव्हते त्या दिवशी."

त्यांनी आवाज खाली आणला. "असं म्हणू नका, बाई. हजेरीवर तुमची सही आहे. नव्हता म्हणालात तर सही खोटी ठरते. तुमच्यावरच येईल ते. सदस्यत्व जाऊ शकतं. आणि मग लोक विचारणार, बाकीच्यांचं काय? सगळंच उघडं पडेल."

"मग पडू द्या," असं मी म्हणाले खरं, पण घरी पोहोचेपर्यंत बाबूंचेच शब्द डोक्यात होते. सदस्यत्व जाण्याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती वेगळी होती. गावानं मला तेहतीस वर्षं खरं बोलणारी बाई म्हणून ओळखलं होतं. आता चारचौघांत उभं राहून मला सांगावं लागणार होतं की मी खोटी हजेरी लावली.

दोन दिवसांनी नगराध्यक्ष घरी आला. वाकून पाया पडला, नातीची चौकशी केली, फोनवर तिचे फोटो बघितले. चहा घेतला. मग मुद्द्यावर आला.

"बाई, तुम्ही नाराज आहात असं कळलं. अहो, चार मजली संकुल होतंय. तालुक्यात कुठे नाही असं. तुमच्या बायकांना आपण विसरलो नाही. वरची गच्ची पापडांसाठी राखून ठेवू. ऊनच ऊन."

"चार जिने खाटा घेऊन चढायचं?"

"लिफ्ट आहे ना."

"लाइट कधी असते आपल्याकडे?"

तो हसला. लहानपणी गृहपाठ आणला नाही की असाच हसायचा. मी म्हटलं, "हे बघ, संकुल हवं की नको यावर आपण भांडू. तू तुझं सांग, मी माझं सांगते, बायका त्यांचं सांगतील. पण सभेत. मी नसताना माझ्या तोंडून हो वदवून घेतलंस, ते मला चालणार नाही."

"तुमची सही आहे, बाई." आता तो हसत नव्हता. "मी तुमच्या भल्याचं सांगतो. हजेरीचा विषय काढलात तर सगळ्यांत आधी तुम्हीच जाल. मला ते बघवणार नाही." त्याला खरंच बघवलं नसतं असं मला वाटतं. पण कप खाली ठेवून तो उठला, तेव्हा मला कळलं की आपल्याला धमकी मिळाली आहे आणि तीही पाया पडून.

पुढचे चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आमचे हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले की विनातिकीट सापडलेला माणूस वाद घालतो तेव्हा जास्त वाईट दिसतं. मला त्यांचा राग आला. पाचव्या दिवशी मावशी आली. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"बाई, मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "त्या दिशी तुमी तुमचं नाव गाळून वाचलं असतं तर आमच्यातल्या एकीलाबी कळलं नसतं. तुमी नाय गाळलं. मंग आता काय झालं?"

एवढं बोलून ती गेली. मला इतकी शरम वाटली की मी आत जाऊन बराच वेळ नुसती उभी होते. मग कपाटातून वही काढली आणि सभेत काय बोलायचं ते लिहायला बसले. दोन पानं लिहिली आणि फाडून टाकली. त्यात माझी कारणंच कारणं होती.

पुढच्या सभेच्या दिवशी विषयपत्रिकेत पहिला विषय नेहमीचाच होता, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय कधीच वाचला जात नसे. अध्यक्ष "वाचलं असं समजून कायम" म्हणायचे आणि बाबू पान उलटायचे. त्या दिवशी दाराशी बायका येऊन उभ्या होत्या, पुढे मावशी. सभा बघायला कुणीही येऊ शकतं, पण आमच्याकडे कुणी कधी आलं नव्हतं, त्यामुळे शिपाईदादांना त्यांना आत घ्यावं की थांबवावं ते कळत नव्हतं. मी म्हणाले, येऊ द्या. त्या आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"वाचलं असं समजून..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"समजून नाही," मी उठून म्हणाले. "वाचून. ऐनवेळचा विषय चौथा वाचा."

बाबूंनी अध्यक्षांकडे बघितलं. मुख्याधिकारी नुकतेच बदलून आलेले, तरुण. त्यांनी मान हलवली आणि बाबूंनी वाचलं. माझं नाव आलं तेव्हा त्यांचा आवाज जरा बसला.

"या ठरावाला मी अनुमोदन दिलेलं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी मी या गावात नव्हते. हजेरीवरची सही माझीच आहे. ती मी नंतर माझ्या घरी बसून केली. म्हणजे मी खोटी हजेरी लावली. ही माझी चूक आहे आणि याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. पण माझी चूक खळवाडीच्या नावावर लावायची नाही. हे सगळं आजच्या इतिवृत्तात लिहा, मी सांगते त्या शब्दांत."

मग ठरावाचे सूचक, कापड दुकानवाले गृहस्थ, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाईंना आठवत नसेल. वयोमानानं होतं."

मला वाटतं, त्यांनी हे म्हटलं नसतं तर मी तिथंच थांबले असते. माझं बोलून झालं होतं. पण वयोमान ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. "त्या दिवशी माझी पहिली नात जन्मली," मी म्हणाले. "तिच्या आईला सकाळी सहाला कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी पाचला ती झाली. मधला एकही तास मी विसरले असेन तर विचारा." आणि मग मी सगळ्यांकडे वळले. हे मी ठरवून केलं नव्हतं. समोर माझ्याच वर्गातली तोंडं होती, माझा आवाज आपोआप वर्गातला झाला. "त्या सभेला कोण कोण नव्हतं? ज्यांनी माझ्यासारखी घरी सही केली त्यांनी हात वर करा."

आता विचार केला तर हा प्रश्न किती वेड्यासारखा होता. राजकारणातली माणसं असा हात वर करतात कुठे? पण मागच्या रांगेतल्या कांदा व्यापाऱ्यानं केला. वर्गातही तो शेवटच्या बाकावर बसायचा, आणि अभ्यास न करताही खरं सांगून टाकायचा. त्यानं हात वर केला आणि मग आपण काय केलं हे कळून तो खाली घ्यायला लागला, तोवर शेजारच्यानं केला. मग पुढच्या एका बाईंनी. मग आणखी. कापड दुकानवाले मान फिरवून फिरवून बघत होते. मुख्याधिकाऱ्यांनी हात मोजले, हजेरीचं पान बघितलं आणि शांतपणे म्हणाले की एवढे जण नसतील तर त्या दिवशी गणपूर्तीच झाली नव्हती, आणि हे इतिवृत्त आपण कायम करू शकत नाही.

अध्यक्षांनी सभा तहकूब केली. जिन्यात तो माझ्याजवळ थांबला. त्याचे कान लाल झाले होते.

"घरी सांगायचं होतं ना, बाई. सगळ्यांसमोर कशाला?"

"घरी सांगितलं होतं," मी म्हणाले. "तू चहा पिऊन गेलास."

ठराव रद्द झाला. पुढच्या महिन्यात माझ्याविरुद्ध तक्रार झाली. माझ्या एकटीविरुद्ध. हात वर केलेल्यांना नंतर आठवलं की त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता. ते मला अपेक्षित होतं, तरी कांदा व्यापाऱ्याचं वाईट वाटलं. सुनावणीसाठी नाशिकला जावं लागलं, तीन वेळा. वकील म्हणाले, सोपं आहे, सही माझी नव्हे म्हणायचं. शिपायानं कुणाकडून तरी करून आणली असेल म्हणायचं, सुटाल. मी त्यांना विचारलं, आणि शिपाईदादांचं काय होईल? ते म्हणाले, तो तुमचा प्रश्न नाही. मी म्हणाले की मग तुम्हीही माझे वकील नाही, आणि पुढच्या तारखेला एकटीच गेले. सही माझी आहे असं लिहून दिलं.

सदस्यत्व गेलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. मी मोठी त्यागी बाई नाही. दारावरची नगरसेविका लिहिलेली पाटी काढताना मी रडले आणि ज्यांनी ज्यांनी त्या आठवड्यात सांत्वनाला येऊन "कशाला पडलात त्या भानगडीत" म्हटलं, त्यांना मी पाणीही विचारलं नाही. त्यांतले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. चालेल मला.

यंदा खळवाडीचा विषय परत आला आहे. या वेळी सगळं रीतसर. विषयपत्रिकेत छापून, नकाशा लावून, हरकती आणि सूचना मागवून. बाबू मला रस्त्यात भेटले तेव्हा काळजीनं म्हणाले, "बाई, आता सगळं नियमात बसवलंय. तुमचं काही चालायचं नाही." मी म्हणाले, नियमात बसवलंय म्हणजे ऐकून घ्यावं लागेल, एवढंच हवं होतं. मी बायकांना हरकतीचे अर्ज लिहून दिले. प्रत्येकीचा वेगळा, ती सांगेल तसा. एकाचा मजकूर दुसऱ्यात घातला नाही. सतरा अर्ज झाले, माझा धरून अठरा. एकीनं लिहायला लावलं की माझ्या पोरीचं लग्न इथंच करायचं ठरलंय, दुसरीकडे मांडवाला जागा दाखवा. मी तसंच लिहिलं.

गेल्या आठवड्यात सुनावणी झाली. समितीपुढे टेबलावर रंगीत नकाशा पसरलेला. पहिलं नाव मावशीचं पुकारलं. ती पुढे गेली, पदर नीट केला आणि नकाशाकडे बघत उभी राहिली. खळवाडीचा तुकडा पांढरा ठेवला होता. समितीतल्या साहेबांनी समजावून सांगितलं की घरं पिवळी, दुकानं निळी, आणि ही मधली मोकळी जागा, म्हणून तिथं संकुल.

"सायेब, मोकळी नाय ती," मावशी म्हणाली. "तिथं आमी हाय. सकाळी आटला या, पाय ठिवायला जागा घावायची नाय. तुमी दुपारचं येऊन बघितलं आसंल. दुपारी आमी सावलीला जातो."

साहेब बाबूंना म्हणाले, घ्या लिहून. बाबूंनी विचारलं, "काय लिहू? जागा वापरात असल्याचे अर्जदाराचे म्हणणे, असं?"

"ती म्हणाली तसं लिहा," मी मागून म्हणाले.

माझं नाव अजून पुकारलं नव्हतं, मला बोलायचा अधिकार नव्हता. समितीच्या अध्यक्षांनी वर बघितलं. मला वाटलं, आता बाहेर काढतील. मी खुर्ची सोडून टेबलापाशी गेले आणि बाबूंच्या खांद्यावरून वाकून उभी राहिले. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि मी एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेले, मावशीला ऐकू जाईल असा. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. शेवटी बाबू थांबले तेव्हा ती म्हणाली, "दुपारचं ऱ्हायलं." बाबूंनी दुपारचंही लिहिलं. मग मावशीनं अंगठ्यासाठी शाईची डबी मागितली.

निकाल अजून आलेला नाही. खाटा रोज पडतात.